‘स्वतःच्या हाताने पीसीआर किती केलेस?’

ताई, नमस्कार. मी परतूर तालुक्यातली. छत्रपती संभाजीनगरला एम.एस्सी. जेनेटिक्सच्या पहिल्या वर्षाची परीक्षा नुकतीच दिली. वर्गात आम्ही बावीस जण आणि पीसीआरचं, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या कोट्यवधी प्रती काढायचं, मशीन एक. बहुतेक प्रॅक्टिकल सर करून दाखवतात, आम्ही भोवती उभं राहून बघतो आणि जर्नल एकमेकींचं उतरवतो. आमच्या एका सीनियरला जालन्यात मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, ‘स्वतःच्या हाताने पीसीआर किती केलेस?’ ती खरं बोलली आणि तिची निवड झाली नाही. घरी साडेतीन एकर कोरडवाहू, कापूस आणि सोयाबीन. मामा म्हणतात, बी.एड. कर, नाहीतर डीएमएलटी (रक्त-लघवी तपासणीच्या लॅबचा डिप्लोमा) कर, म्हणजे कुठल्यातरी लॅबमध्ये चिकटशील. ही डिग्री मला लॅबच्या नोकरीसाठी खरंच तयार करते का? की दोन वर्षं आणि बाबांचे पैसे पाण्यात?
– एक विद्यार्थिनी

लेकी,

तुझ्या त्या सीनियरला माझा निरोप दे, खरं बोललीस ते उत्तम केलंस. मी बरीच वर्षं त्या टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत बसले आहे आणि हाच प्रश्न विचारला आहे. आकड्याशी आम्हाला फारसं देणंघेणं नसतं. खरा प्रश्न त्याच्या मागून येतो, ‘त्यातले फसले किती आणि का फसले?’ पहिल्याचं उत्तर शून्य आलं की दुसरा विचारायला जागाच उरत नाही. तिच्या बाबतीत बहुधा एवढंच झालं असणार.

तुझी डिग्री तुला अर्धीच तयार करते. तो अर्धा भाग कोणता, हे सांगायला मला माझीच फजिती सांगावी लागेल.

माझी पहिली नोकरी जालन्यात, बियाण्याच्या एका कंपनीच्या लॅबमध्ये. उन्हाळ्याचे दिवस. मृगाच्या आधी बियाण्याचे लॉट कृषी सेवा केंद्रांवर पोचवायचे असतात, त्यामुळे एप्रिल-मे म्हणजे लॅबमध्ये नुसती झुंबड. काम एवढंच, कापसाच्या रोपाचं कोवळं पान घ्यायचं, त्यातून डीएनए काढायचा, पीसीआर लावायचा आणि जेलवर (डीएनएचे तुकडे विजेने सरकवून वेगळे करायचा मऊ थर) बघायचं की बीटीचा, म्हणजे बोंडअळीला मारणारा, जीन आहे की नाही. ऐकायला सोपं. पण कापसाच्या पानात पॉलिफिनॉल भरपूर. जरा हयगय झाली की डीएनए चहासारखा तपकिरी होतो आणि त्यावर एन्झाइम कामच करत नाही. म्हणून बफरमध्ये पीव्हीपी घालायचं, मर्काप्टोइथेनॉल घालायचं (त्याचा वास ओढणीला लागला की घरापर्यंत सोबत येतो). हे सगळं मी नीट शिकले. माझा डीएनए पांढराशुभ्र निघायला लागला आणि मला वाटलं, जिंकलं.

तिसऱ्या आठवड्यात जेलचा फोटो घेऊन ऐटीत साहेबांकडे गेले. सगळ्या नमुन्यांत झकास बँड, म्हणजे जीन सापडल्याची पट्टी. त्यांनी शेवटच्या लेनवर बोट ठेवलं. ती लेन पाण्याची. त्या ट्यूबमध्ये डीएनए घातलेलाच नव्हता, नुसतं पाणी. आणि तिथेही बँड! साहेब शांतपणे म्हणाले, “पाण्याला बीटी कधी लागली गं?”

सगळी लॅब हसली. मी कोल्ड रूममध्ये जाऊन रडले, निदान तिथे गार तरी होतं.

झालं होतं असं की आदल्या दिवशीच्या, पीसीआर होऊन आलेल्या ट्यूब मी ज्या टेबलावर उघडल्या, त्याच टेबलावर त्याच पिपेटने दुसऱ्या दिवशीचं मिश्रण बनवलं. आता तुझ्या पहिल्या सेमिस्टरमधलं गणित आठव. दर सायकलला दुप्पट. ३० सायकलनंतर डीएनएच्या एका तुकड्याचे १०७ कोटींहून जास्त तुकडे, कागदावर तरी. तसली ट्यूब उघडताना टोपणाला लागलेला न दिसणारा एक शिंतोडा पुढच्या सगळ्या नळ्या बाटवायला पुरतो. म्हणून चांगल्या लॅबमध्ये मिश्रण बनवायची खोली वेगळी, मशीनमधून निघालेल्या ट्यूब उघडायची खोली वेगळी, पिपेट वेगळे, एप्रनसुद्धा वेगळा. सोवळंओवळंच म्हण ना, फक्त याला कारण आहे.

त्या दिवसाचे सगळे नमुने पुन्हा करावे लागले. पण समजा मी पाण्याची लेन लावलीच नसती तर? कंटाळा येतोच, एक लेन वाचवावीशी वाटते. मग त्या लॉटमधल्या प्रत्येक रोपापुढे मी ‘बीटी आहे’ असं लिहून मोकळी झाले असते. ती पाकिटं तुझ्या बाबांसारख्या कुणाच्या तरी साडेतीन एकरांत गेली असती आणि बोंडअळीने हिशेब मागितला असता.

आता बघ, डिग्रीने मला काय दिलं होतं? पाण्यात बँड का आला हे कुणी न सांगता त्या संध्याकाळी माझं मलाच उमगलं, कारण साखळी कशी दुप्पट होत जाते ते मला माहीत होतं. माझ्या शेजारचा तंत्रज्ञ माझ्यापेक्षा तिप्पट वेगाने पिपेट चालवायचा, पण असं काही झालं की ‘किट खराब आली’ म्हणून मोकळा व्हायचा. डिग्रीने मला दिलं नव्हतं ते सोवळं. ते हातात मुरावं लागतं आणि बघून मुरत नाही. लॅबमध्ये पगार मिळतो तो समोर आलेला निकाल खरा धरायचा की कचऱ्यात टाकायचा, हे ठरवता येण्याचा. त्यासाठी डोकं आणि हात दोन्ही लागतात. तुझं डोक्याचं काम चालू आहे, हाताचं अजून सुरू व्हायचंय.

मामांचं दुसरं सुचवणं, डीएमएलटी. त्याला कमी लेखू नकोस. सरकारी दवाखान्यातल्या लॅब टेक्निशियनच्या जाहिरातीत बहुधा डीएमएलटी किंवा तसंच काही मागतात, तिथे तुझी एम.एस्सी. मोठी असली तरी चालत नाही. अर्जाचे पैसे भरण्याआधी जाहिरातीतली पात्रतेची ओळ दोनदा वाच. पण जेनेटिक्सच्या लॅबमधलं काम वेगळं, आणि ते का वेगळं हे एका उदाहरणावरून सांगते. पुढे मी काही वर्षं रुग्णांच्या गुणसूत्र तपासणीच्या लॅबमध्येही काढली, तिथलं.

डाउन सिंड्रोमच्या बाळात २१ नंबरचं गुणसूत्र एक जास्त असतं, म्हणजे ४६ ऐवजी ४७, हे तुला बारावीपासून पाठ आहे. आता एक बाळ समोर आहे, लक्षणं डाउनची आणि मोजली तर गुणसूत्रं बरोबर ४६. काय लिहिशील रिपोर्टात? नुसती मोजणी शिकलेला माणूस ‘नॉर्मल’ लिहील. तू गुणसूत्रांवरचे रंगवलेले पट्टे बघशील. १४ नंबरचं एक गुणसूत्र जरा लांब दिसेल, कारण त्यावर जास्तीचं २१ जाऊन चिकटलेलं असेल. डाउनच्या शंभरातली तीन-चार बाळं अशी ट्रान्सलोकेशनची असतात. काम इथेही संपत नाही, आता आईबापांचं रक्त मागवायचं. कदाचित धडधाकट आईची गुणसूत्रं ४५ च निघतील आणि पुढच्या बाळंतपणाचा सगळा सल्ला बदलेल. आणि १४ वर न चिकटता आईची दोन्ही २१ नंबरची गुणसूत्रंच एकमेकांना चिकटलेली असतील, तर तिला होणारं प्रत्येक जिवंत बाळ डाउनचंच असेल. एका रिपोर्टातल्या एका आकड्याने घर बदलतं बघ. रिपोर्टवर सही डॉक्टरांची असते, पण त्यांच्यापुढे काय ठेवायचं ते मायक्रोस्कोपला डोळा लावलेली मुलगी ठरवते.

आणि इथेही हात लागतोच. रक्त हेपॅरिनच्या, म्हणजे हिरव्या झाकणाच्या नळीत यायला हवं, कारण पेशी जिवंत हव्यात. बीड-धाराशिवकडून नमुना जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत आला, वर दिवसभर मे महिन्याच्या उन्हात गाडीत तापला, की साधारण ७२ तासांचं कल्चर (पेशी वाढवणं) लावून शेवटी स्लाइडवर काहीच मिळत नाही. जांभळी नळी डीएनए काढायला उत्तम, गुणसूत्रांना नाही. शिवाय आपली हवा. स्लाइडवर पेशींचा थेंब टाकला की तो कोरड्या उन्हाळ्यात इतक्या झटकन वाळतो की गुणसूत्रं पसरतच नाहीत, गोळा होऊन बसतात. आम्ही वाफेच्या भांड्यावर स्लाइड धरायचो. पुण्या-मुंबईच्या प्रोटोकॉलमध्ये हे लिहिलेलं नव्हतं. थेंब किती उंचीवरून टाकायचा यावर तर दोन लॅबवाल्यांचं कधी एकमत होत नाही.

बी.एड.बद्दल एवढंच, शिकवायची आवड असेल तर जरूर कर, नोकरी सोपी मिळते म्हणून करू नकोस. शिक्षक भरतीची वाट बघत बसलेले चार जण तुझ्याच गावात सापडतील, मामांना त्यांच्याकडे पाठव.

आता दुसऱ्या वर्षात काय करायचं. मशीन एक आहे, हे रडगाणं आजपासून बंद. मशीन हा पीसीआरचा सगळ्यात बिनडोक भाग असतो, झाकण लावलं की काम त्याचं. शिकायचं असतं ते त्याच्या आधीचं, आणि ते बहुतेक फुकटात शिकता येतं.

पिपेट घे. डिपार्टमेंटच्या वजनकाट्यावर छोटं भांडं ठेवून काटा शून्यावर आण. १०० मायक्रोलिटर पाणी सोड. वजन ०.१ ग्रॅमच्या आसपास यायला हवं. असं दहा वेळा कर आणि दहाही आकडे लिही. पहिल्या दिवशी ते असे विखुरतील की तुला स्वतःची लाज वाटेल, वाटू दे. आकडे एकमेकांच्या जवळ, पण सगळेच ०.१ च्या खाली आले, तर दोष बहुधा पिपेटचा, कॅलिब्रेशन, म्हणजे मापाची जुळणी, बिघडलंय. आकडे इकडेतिकडे उड्या मारत असतील तर दोष अंगठ्याचा. हा फरक ओळखता आला की एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या लॅबमध्ये कॅलिब्रेशनची फाइल का ठेवतात ते कुणी समजावून सांगावं लागत नाही.

कांदा तर आपल्या घरचाच. मुळं फुटायला ठेव, सकाळी टोकं तोडून फिक्स कर, ॲसिटोकार्मिनमध्ये टाक, दाब आणि बघ. १६ गुणसूत्रं नीट पसरलेली दिसेपर्यंत सोडू नकोस. वीस स्लाइड वाया जातील, एकविसावी लागेल. ड्रोसोफिलाच्या, म्हणजे फळमाशीच्या, बाटल्या उन्हाळ्यात होस्टेलच्या खोलीत मात्र ठेवू नकोस, माशीला २५ अंश आवडतं. तिशीच्या वर गेलं की तिचं प्रजननच बिघडतं, आणि तुझा ३:१ चा रेशो अभ्यासाआधीच मरतो.

रेशोवरून आठवलं. स्टॅटिस्टिक्सचा पेपर तुम्ही सगळे काढायचा म्हणून काढता, तो नीट शिक. मेंडेलने ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले दाणे मोजले, वीस-पंचवीस मोजून थांबला असता तर त्याच्या हाती काही लागलं नसतं. बियाण्याच्या लॅबमध्ये उगवण तपासायला ४०० दाणे लावतात, तेही याच कारणाने. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवलं नाही म्हणून केवढं रान उठलं होतं ते तुझ्या बाबांना विचार. प्रमाणित सोयाबीनला किमान ७० टक्के उगवण लागते. ६८ आली तर लॉट नापास की तो नशिबाचा फेर, हा प्रश्न जेनेटिक्सचा कमी आणि आकडेशास्त्राचा जास्त. अशा वेळी सेल्सवाला डोक्यावर उभा असतो. त्याच्यापुढे ताठ उभं राहायला काय-स्क्वेअर (फरक खरा की योगायोग, ते सांगणारी चाचणी) कामी येतो, खोटं नाही सांगत.

जर्नल उतरवणं आजपासून बंद. दोनशे पानी वही घे, पानांना नंबर टाक, पेनाने लिही, चुकलं तर एकच रेघ मार म्हणजे खालचं वाचता येईल, शेजारी तारीख आणि सही. पान फाडायचं नाही. फसलेल्या जेलचा फोटोही चिकटवायचा आणि खाली लिहायचं, मला काय वाटतं, का फसलं. मुलाखतीला फाइल-सर्टिफिकेटांच्या आधी ही वही टेबलावर ठेव. मी स्वतः एका मुलीला अशा वहीतल्या सलग चार फसलेल्या पानांवर घेतलं आहे. पाचव्या पानावर तिने कारण शोधलं होतं, इथेनॉल नीट उडून जाण्याआधीच डीएनए विरघळवत होती.

आता सगळ्यात मोठी गोष्ट, प्रबंध. इथे मी थोडी दमदाटी करणार आहे. ‘अमुक विषयाचा आढावा’ असलं काही गूगलवरून जुळवलेलं घेऊ नकोस. छोटा विषय घे, पण असा की तीच क्रिया तुला पन्नास-साठ वेळा करावी लागेल. तुरीच्या वीस वाणांतून डीएनए काढून चार मार्कर (डीएनएवरच्या ओळखीच्या खुणा) लावणं हे कुणाला फार चमकदार वाटणार नाही. पण मार्चअखेर तुझे निदान ऐंशी पीसीआर झालेले असतील आणि मुलाखतीतल्या त्या प्रश्नाला तू हसून उत्तर देशील.

कॉलेजात सोय नसेल तर बाहेर जा. ओजेटीचं (प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाचं) नुसतं प्रमाणपत्र आणून मोकळं होणारे खूप आहेत, तू तसं करू नकोस. आपण मागास, आपल्याकडे काही नाही, हे मराठवाड्यातल्या पोरांच्या तोंडी बसलंय, निदान या विषयात ते खोटं आहे. जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको ही बियाण्याची कंपनी सुरू केली आणि १९९८ मध्ये त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. २००२ मध्ये देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली, तेव्हा पहिल्या संकरित जाती तिथल्याच होत्या. परभणीचं कृषी विद्यापीठ १९७२ चं. परभणी क्रांती भेंडी त्यांचीच, रानभेंडीच्या एका जातीतून शिरा पिवळ्या पाडणाऱ्या विषाणूचा प्रतिकार आणून केलेली. तू संभाजीनगरहून एसटीने गावी जाताना बदनापूर लागतं. तिथल्या संशोधन केंद्राची बीएसएमआर ७३६ तूर मर आणि वांझ या दोन्ही रोगांना टिकते. लातूरला कृषी जैवतंत्रज्ञानाचं कॉलेज आहे. परभणीत सरकारी बीज परीक्षण प्रयोगशाळा आहे. दिवाळीआधी तुझ्या सरांच्या सहीचं पत्र घेऊन यातल्या तीन-चार ठिकाणी स्वतः जाऊन ये. ईमेलला उत्तर येत नाही, दारात उभ्या असलेल्या पोरीला येतं. एका ठिकाणी नाही म्हणतील, दुसरीकडे ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणतील. पुढच्या आठवड्यात जा.

एक गैरसमज मात्र आत्ताच काढून टाक. कृषी विद्यापीठाची वनस्पती पैदासशास्त्राची एम.एस्सी. ॲग्री वेगळी, तुझी विज्ञान शाखेची वेगळी. कंपनीत वाण तयार करणारा ब्रीडर म्हणून सहसा ॲग्रीवाल्यालाच घेतात. तुझं दार मॉलिक्युलर लॅबचं, म्हणजे मार्कर, शुद्धता, बीटी तपासणी. दारं चुकवून वर्ष घालवलेली मुलं मी पाहिली आहेत.

मुलाखतीत आणखी एक खड्डा. पन्नास एक्स टीएईपासून (जेलचा बफर, पन्नास पट घट्ट) एक एक्स, पाचशे मिली बनवायचं, किती घेशील? दहा मिली, बाकी ४९० पाणी. क्रिस्परवर (जीनमध्ये बदल करायचं तंत्र) वीस मिनिटं बोलणारी मुलं इथे छताकडे बघायला लागतात. रोज सकाळी अशी दोन गणितं तोंडी कर, भाजी निवडता निवडता.

पैशांचंही बोलू, कारण साडेतीन एकराच्या घरात ते आधी येतं. पहिला पगार ऐकून मामा हसतील. खरंच कमी असतो, आणि पहिली दोन वर्षं तो हाताच्या शिक्षणाचं विद्यावेतन समजून घ्यावा लागतो. वर जायचं असेल तर सीएसआयआरची नेट परीक्षा दे. त्यातली जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली आणि पीएच.डी.ला लागलीस तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, मग ४२,०००, वर घरभाडं. परीक्षा अवघड आहे. पण नोकरी करत दोन-तीनदा देऊन निघालेल्या मुली आहेत. आणि ज्यांनी हाताने काम केलंय त्यांना प्रयोगावरचे प्रश्न पाठांतरवाल्यांपेक्षा सोपे जातात, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलंय.

हातमोजे. जेल रंगवायच्या इथिडियम ब्रोमाइडला, गुणसूत्रांच्या कामातल्या कोल्चिसिनला उघडा हात लावायचा नाही. कुणी ‘आम्ही वर्षानुवर्षं असंच करतो’ म्हणालं तरी नाही. मोजे संपलेत असं डिपार्टमेंटने सांगितलं तर मेडिकलमधून स्वतःची पेटी आण, दोन वडापावांवर पाणी सोड.

सोमवारी कॉलेज उघडलं की वजनकाट्याची किल्ली कुणाकडे असते ते विचार. ते दहा आकडे मला लिहून पाठव. चांगले आलेले नकोत, पहिल्याच दिवशीचे पाठव.

– तुझी ताई